सोमवार आईचा, मंगळवार बाबांचा

माझ्याकडे येणाऱ्या नवरा-बायकोची पहिली तक्रार एकमेकांबद्दल क्वचितच असते. ती मुलाबद्दल असते. पोरगा मोबाइल सोडत नाही, पोरगी उलट बोलते, अभ्यासाला बसवलं की पोट दुखते म्हणतो. पाच-दहा मिनिटं जातात आणि मग कुणीतरी मुद्द्यावर येतं. ‘मी रागावलो की ही त्याले पोटाशी धरते.’ नाहीतर, ‘हे महिनाभर घरी नसतात जी, आन् आले की दोन दिवसांत सगळं सुधरवाले निंगतात.’

भंडारा जिल्ह्यात समुपदेशन करायचं तर आधी धानाचं वेळापत्रक पाठ हवं. रोवणी चालू असताना ठरलेल्या वेळेला कुणी येत नाही. बाई पहाटेच दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोजीने गेलेली असते आणि गुडघाभर चिखलात दिवस काढून आल्यावर तिला नवऱ्याशी संवाद कसा साधावा हे ऐकायची हौस नसते. कापणी आटोपली, दिवाळी झाली, गावोगावच्या मंडईच्या जत्रा आणि दंडारीचे खेळ पार पडले की माणसं जरा मोकळी होतात. तोवर शाळेच्या पहिल्या सत्राचे गुणही घरात आलेले असतात. माझ्याकडची गर्दी तेव्हाची.

नागपूरला एम.एस.डब्ल्यू. करताना कुटुंबोपचाराचे सिद्धांत शिकले होते. मरे बोवेन, साल्वादोर मिनुचिन, व्हर्जिनिया सटायर, इटलीतल्या मिलानचा गट. परीक्षेपुरती नावं, व्याख्या, आकृत्या. या सगळ्यांचं एकमेकांशी फारसं पटत नसलं, तरी एका गोष्टीवर एकमत होतं: घरातल्या एकाला त्रास होतोय असं दिसलं तरी त्या एकट्याकडे बघून भागत नाही. बोवेनने १९५०च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत स्किझोफ्रेनिया झालेल्या रुग्णांसोबत त्यांचे आईबापही वॉर्डात राहायला आणले, तेव्हा तिकडे ते धाडसाचं मानलं गेलं. त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून ठेवून घेत होते. आपल्याकडे रुग्णाबरोबर अर्धं घर दवाखान्यात येतंच. कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या आवारात संध्याकाळी डबे उघडतात तेव्हा एक फेरी मारून बघावी.

बोवेनचा त्रिकोण मात्र मला पुस्तकात जसा वाटला, तसा इथे दिसला नाही. त्याचं म्हणणं असं की, दोघांमधला ताण सोसेनासा झाला की ते तिसऱ्याला मध्ये ओढतात. पालकांच्या बाबतीत हा तिसरा बहुतेक वेळा मूल. खरं आहे. पण आमच्याकडच्या जुन्या वळणाच्या घरांत नवरा-बायकोने वडीलधाऱ्यांदेखत थेट बोलायचंच नसतं. ‘बाळा, आईले सांग पानी आन म्हनून’, ‘जा, बाबाले विचार जेवता काय’. आई दोन हातांवर उभी असते, बाबा समोरच बसलेले असतात, आणि पोरगं मध्ये. ही मर्यादा आहे, आजार नाही. पोराने पाण्याचा निरोप नेला तर काही बिघडत नाही. ‘बापाले सांग, तुले मारायचं असंन तर आधी मले मारा’ हा निरोपही त्याच वाटेने जाऊ लागतो, तेव्हा बिघडतं. त्यामुळे मी त्रिकोण शोधत बसत नाही. तो असणारच. पोराच्या हातून काय पाठवलं जातंय, तेवढं विचारते.

इथे ज्या घरांबद्दल लिहिते आहे त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. काही ठिकाणी दोन घरांच्या गोष्टी एकात मिसळल्या आहेत.

वरठीच्या बाजूचं एक कुटुंब. नवरा आयटीआय झालेला, कारखान्यात फिटर, तीन पाळ्यांत काम. बायको दहावी, घरी शिलाई मशीन. मुलगा पाचवीत. आणि आजी, नवऱ्याची आई. वडिलांची इच्छा, पोराने नवोदयची परीक्षा द्यावी. सहावी ते बारावी राहणं, जेवण, शिक्षण सरकारी खर्चाने. वर्गाला जास्तीत जास्त ८० जागा, त्यांतल्या किमान ७५ टक्के खेड्यातल्या मुलांना. त्या वर्षी परीक्षा जानेवारीत होती. वडिलांनी गाइड आणलं, कामावर नसतील त्या संध्याकाळी सात ते साडेआठ स्वतः शिकवायला बसू लागले. मुलाचं पोट दुखायला लागलं ते सातच्या सुमारास. डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. ती तपासणी झाल्याशिवाय मी पुढे जात नाही. पोट दुखतं म्हणणाऱ्या मुलाचं पोट आधी डॉक्टरने बघायचं, सिद्धांत नंतर.

पहिल्या दिवशी ते खोलीत कसे बसले, त्यातच निम्मी गोष्ट होती. आई आणि मुलगा बाकावर, एकमेकांना चिकटून. वडील दाराजवळच्या खुर्चीवर, रात्रपाळी करून थेट आलेले, मांडीवर डबा. आजी खुर्ची दिली तरी खाली, भिंतीला टेकून. मी मुलाला नाव विचारलं तर आईने सांगितलं. आईला विचारलं, पोट कधी दुखतं, तर मुलाने सांगितलं. वडील माझ्याकडे बघून म्हणाले, ‘मॅडम, हिले समजावून सांगा. पोराच्या भल्याचंच करतो ना जी मी?’ बायकोही माझ्याकडेच बघून म्हणाली, ‘यायले सांगा, दहा वर्साचं लेकरू कोनी असं बाहेर ठेवते काय?’ दोघं दोन हातांवर होते.

मिनुचिन अशा वेळी उठून खुर्च्या हलवायचा म्हणतात. त्याचं ‘फॅमिलीज अँड फॅमिली थेरपी’ हे १९७४चं पुस्तक वाचलं तर हा माणूस उपचार करतोय की नाटक बसवतोय असा प्रश्न पडतो. ज्याने ज्याच्याशी बोलायला हवं त्याला त्याच्यासमोर बसवायचं, आणि आपण गप्प राहायचं. मी आजीला म्हटलं, ‘आजी, नातवाले घेऊन जरा बाहेर बसता काय?’ आजींनी मुलाकडे बघितलं, मुलाने आईकडे, आईने माझ्याकडे. शेवटी दोघं गेले. वडिलांची खुर्ची बाकासमोर आणली आणि म्हटलं, ‘माझ्याशी नको. मघाशी जे मला सांगितलंत, ते यांना सांगा.’

बराच वेळ कुणी बोललं नाही. बायकोने पदर सारखा केला. नवऱ्याने डब्याचं झाकण उघडून परत लावलं. मग तो म्हणाला, ‘याले इथंच ठेवलं तर माह्यासारखाच पाळ्या करंन.’ ती म्हणाली, ‘मग का वाईट हाय? घर चालते ना त्याच्यावर.’ तो गप्प झाला. लग्नानंतर कारखान्यातल्या त्याच्या कामाबद्दल तिने चांगला शब्द काढलेला त्याने पहिल्यांदा ऐकला असावा. पण म्हणून नवोदयचा प्रश्न सुटला नाही. आपण सिनेमात नाही. पुढच्या दोन मिनिटांत दोघं पुन्हा गाइड, ट्यूशन आणि पोट यांवर आले.

इथे मला मिलानच्या गटाची युक्ती आठवली. मारा सेल्विनी पालाझोली आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ती मांडली. मुलावरून भांडणाऱ्या आईबापांना त्यांनी सांगितलं: आठवड्यातले तीन दिवस मुलाबाबतचा प्रत्येक निर्णय एकट्या वडिलांचा, आई जणू घरात नाहीच. उरलेले तीन दिवस एकट्या आईचा, तेव्हा वडील नाहीत. रविवारी ज्याला जसं सुचेल तसं. आपल्या दिवशी दुसऱ्याने लुडबुड केली तर ती वहीत लिहून ठेवायची. एवढंच. मुलाला कसं वाढवावं, कोण बरोबर, कोण चूक, यावर एक अवाक्षर नाही.

मला या युक्तीचं मोठं अप्रूप वाटतं ते यासाठी की, ती आईबापांकडून एकमत मागत नाही. आपल्याकडची बहुतेक पालकसभांमधली भाषणं ‘आईवडिलांनी मुलासमोर एक सूर ठेवावा’ इथे सुरू होतात आणि तिथेच संपतात. दोन वेगळ्या घरांत वाढलेली, दिवसातले चार तासही एकत्र नसलेली माणसं एक सूर आणणार कुठून? बरं, नसेना का. एकाने शिस्त लावावी, दुसऱ्याने मोकळं सोडावं, मुलं दोन्ही पचवतात. एकाचा शब्द सुरू असतानाच दुसऱ्याने तो पुसायचा, हे मात्र त्यांना पचत नाही.

शाळेच्या दोन वह्या आणायला सांगितल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार आईचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार बाबांचे. संध्याकाळी कामावर असण्याची पाळी आली तर बाबांचा दिवस पुढे सरकेल, बुडणार नाही. नवऱ्याने कारखान्याचं पाळीपत्रक खिशातून काढलं आणि तारखा लावू लागला. कामाची भाषा मिळाली की पुरुष मोकळे होतात, हे मी बऱ्याच वेळा पाहिलं आहे.

त्याच्या वहीतलं एक पान मला अजून जसंच्या तसं आठवतं. ‘मंगळवार. ७.४०. दुधाचा गिलास घेऊन आली. बोलली नाही. पण उभी राहिली.’ खाली रेघ. ‘७.५५. आई बोलली, सोड आता त्याले.’ ही आई म्हणजे आजी. ही लुडबुड कुणाच्या खात्यावर मांडायची, यावरून दोघांचा वाद झाला. ती म्हणाली, तुमची आई, तुमच्या खात्यावर. तो म्हणाला, तू डोळ्यांनी खुणावलंस म्हणून ती बोलली. हा वाद माझ्यासमोर दोघं एकमेकांकडे बघून घालत होते. माझी गरजच नव्हती.

आजीचं काय करायचं, हा प्रश्न या कामात सतत येतो. पुस्तक वरवर वाचलेला माणूस म्हणेल, आईबापांभोवती सीमा आखा, आजीला बाहेर ठेवा. मिनुचिन असं म्हणत नाही. त्याने न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या कुटुंबांबरोबर काम केलं होतं, आजीवर चालणारी घरं त्याने पाहिली होती. त्याचा मुद्दा असा की, पालकांच्या गटात कोण कोण आहे याला तितकंसं महत्त्व नाही. आजी त्यात असली तरी घर नीट चालतं, मात्र कुठली जबाबदारी कुणाची हे स्पष्ट हवं. माझ्या या कुटुंबात तोडगा नवऱ्यानेच काढला. ‘रविवार आईचा करून टाकू.’ आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘मले का करा लागंन त्या दिवसी?’ म्हटलं, नातवाचं सगळं तुम्ही ठरवायचं, कुणी मध्ये बोलणार नाही. ‘आन् बाकीचे दिवस?’ बाकीचे दिवस तुम्ही बोलायचं नाही. त्यांनी विचार करायला वेळ मागून घेतला. त्या दिवशी खोलीत सगळ्यांत गंभीर आजीच होत्या.

रविवारी आजी नातवाला घेऊन बोडीवर शिंगाडे आणायला जाऊ लागल्या. गाइडला कुणी हात लावत नसे.

पुढे जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. आपल्या दिवशी आई पोरावर बापापेक्षा जास्त ओरडली. ‘नवोदय नाही त मंग का धान रोवशील?’ हे शब्द नवऱ्याचे. त्याने ते आतल्या खोलीतून ऐकले, तिचा दिवस म्हणून गप्प राहिला, आणि मला सांगताना हसला. इतके दिवस तो कडक असल्यामुळे तिला मवाळ राहणं परवडत होतं. तो दिवसापुरता बाजूला झाला तशी तिची स्वतःची धास्ती वर आली. आणि तो? एका गुरुवारी त्याने पोराला सायकलवर बसवून आठवडी बाजारात नेलं, भजी खाऊ घातली, अभ्यास घेतलाच नाही. तिच्या वहीत नोंद होती: ‘आज अभ्यास नाही. बाजार.’ बोलायचं नव्हतं म्हणून लिहून मोकळी झाली.

पोटदुखी कमी झाली, थांबली नाही. मुलाने परीक्षा दिली, निवड झाली नाही. निकालाच्या दिवशी वडील कामावर गेले आणि रडली ती आई. त्याला पाठवायचं नाही म्हणून भांडलेली तीच.

दुसरं कुटुंब पवनी तालुक्यातलं, गोसीखुर्द धरणामुळे उठलेल्या गावांपैकी एका गावाचं, आता पुनर्वसनात वसलेलं. धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं आणि पाणी चढायला पुढची कित्येक वर्षं लागली, म्हणजे एक अख्खी पिढी ‘उठायचं आहे’ या वाक्यात लहानाची मोठी झाली. या घरातला बाप मुलाने ट्यूशन बुडवली की ताट भिरकावायचा. बायकोला कळेना की एवढा राग कशाचा. ट्यूशनच तर आहे.

मी त्यांच्याबरोबर कुटुंबाचा नकाशा काढला. बोवेनच्या विचारांतून आलेली ही पद्धत, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, तीन पिढ्या एका कागदावर. १९८५ मध्ये मॅकगोल्ड्रिक आणि गर्सन यांच्या पुस्तकाने ती घरोघरी नेली, म्हणजे समुपदेशकांच्या घरोघरी. इथे चौकोन-गोल चालतात, पण नुसते जन्म-मृत्यू लिहून काम होत नाही. कोण कुठे राहिलं, जमीन कुणाच्या नावे होती, मोबदला कधी मिळाला, तेही लिहावं लागतं. आजोबांच्या चौकोनाखाली नवऱ्याने स्वतः पेन घेऊन लिहिलं, ‘बांधी गेली.’ मोबदल्याचे पैसे कशात गेले हे तो सांगू लागला: थोडे बहिणीच्या लग्नात, थोडे गाडीत, थोडे असेच. त्याचं शिक्षण त्याच वर्षांत सुटलं होतं. बायको कागदाकडे बघत म्हणाली, ‘हे मले कधी सांगतलंच नाही तुमी.’ लग्नाला बरीच वर्षं झाली होती.

बोवेन म्हणतो, धास्ती एका पिढीतून दुसऱ्या पिढीत उतरते. बरोबर. पण इथे मी जरा हात आखडता घेते. या बापाच्या रागाला ‘पिढीजात चिंता’ म्हणून फाइल बंद करणं सोपं आहे. गेलेली बांधी ही भावना नाही, बांधीच आहे. पोराकडे आता जमीन नाही, म्हणून त्याला नोकरी लागलीच पाहिजे, हा बापाचा हिशोब चुकीचा म्हणता येत नाही. चुकीचं होतं ते ताट. ते त्यालाही पटलं. ट्यूशनवरून वाद अजून होतात, पण आता बायको विचारते, ‘पोराचं बोलता का बांधीचं?’ आणि कधी कधी तो थांबतो.

ताटाचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकते. जिथे मारहाण आहे तिथे मी त्रिकोण, नकाशा, दिवसांची वाटणी यांतलं काहीही काढत नाही. नवरा-बायकोला एका खोलीत समोरासमोर बसवत नाही. ‘कुटुंब ही व्यवस्था आहे, प्रत्येकाचा वाटा असतो’ हे वाक्य मार खाणाऱ्या बाईला ऐकवलं तर तिच्या वाट्याला आणखी एक दोष येतो. अमेरिकेत रेचल हेअर-मस्टिन या बाईंनी १९७८ मध्येच कुटुंबोपचाराला स्त्रीवादी आरसा दाखवला होता. मुलाच्या संगोपनावरचा वाद म्हणून आलेलं प्रकरण तिसऱ्या वाक्याला मारहाणीचं निघतं, असं होतंच. मग २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, संरक्षण अधिकारी, पोलीस, माहेर, जे लागेल ते. म्हणूनच पहिल्या भेटीत मी प्रत्येकाशी थोडा वेळ वेगळं बोलते. नवऱ्यांना ते आवडत नाही. चालतं.

तिसरं घर मोहाडीकडचं. नवरा हैदराबादला बांधकामावर, रोवणी आणि दिवाळीला येतो. बायको, सातवीतली मुलगी, सासू. मी त्यांच्या घरी गेले होते. सटायर कुटुंबातल्या माणसांना एकमेकांजवळ, दूर, पाठमोरं असं उभं करून घराचं शिल्प करायला लावायची. सासूच्या सपरीत सुनेला असं कुठे उभं करता? मी चहाचे रिकामे गिलास मुलीपुढे ठेवले आणि म्हटलं, तुमचं घर मांड. तिने आजीचा गिलास खांबाजवळ ठेवला, आईचा चुलीकडे, स्वतःचा मध्ये. बाबांचा गिलास उचलला, परत ठेवला, आईच्या हातातला मोबाइल घेतला आणि स्वतःच्या गिलासाला टेकवून उभा केला.

सासू म्हणाली, ‘बरोबर मांडलं पोट्टीनं.’

रोज रात्री फोन यायचा तेव्हा तो मुलगीच उचलायची. बाबा तिला विचारायचे, आई कुठे आहे, कोण आलं होतं, पैसे कशात गेले. आई तिथूनच ओरडून सांगायची, ‘सांग त्यायले, गॅस आनला.’ मुलगी दोन्हीकडचं थोडं थोडं गाळून सांगायची. बाराव्या वर्षी तिला कुठलं वाक्य पुढे न्यायचं आणि कुठलं गिळायचं, हे चांगलं जमत होतं. शाळेतून तक्रार होती की ती वर्गात झोपते.

मी एवढंच सुचवलं की, मुलगी झोपल्यावर वेगळा फोन करायचा, फक्त दोघांचा, आणि त्यात पोरीचा विषय काढायचा नाही. सुरुवातीला तो फोन लगेच संपायचा. ‘काय बोलाचं जी?’ तिने मला विचारलं. पोरीशिवाय त्यांच्यात बोलण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. मी म्हटलं, ते काय जेवले विचारा, तुम्ही काय रांधलं सांगा. ते तिला पटलं नाही. तिचं तिनेच काहीतरी शोधलं असावं, कारण पुढच्या भेटीत ती तणतणतच आली. धान खरेदी केंद्रावर न्यावं की व्यापाऱ्याला टाकून मोकळं व्हावं, यावरून रात्री फोनवर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. केंद्रावर नंबर कधी लागेल, पैसे कधी जमा होतील, तो तिकडे बसून काय सांगतो, इथे पोती मोजतं कोण. अर्धा तास ती नवऱ्याबद्दल बोलत होती. पोरीचं नाव एकदाही आलं नाही. मी चहा मागवला आणि पोती किती झाली ते विचारलं.